सोप्यातली शाळा

खानापूरकडून लोंढ्याला जाताना हमरस्ता सोडून आत वळलं, की काजूच्या झाडांमागं एक गाव लागतं. गावाला शाळा दोन. एक सरकारी मराठी शाळा, रवळनाथाच्या देवळामागं, कौलारू, पुढं मोठं मैदान. दुसरी मारुतीरावांच्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत. या दुसऱ्या शाळेत विद्यार्थी तीन, मास्तरीण एक, आणि ती मास्तरीण त्या तिघांची आई.

माधवी मूळची बेळगावच्या शहापूरची. वडिलांचे घरातच माग. त्यांच्या खटखटीत अभ्यास करून ती बी.एड. झाली, एका इंग्रजी शाळेत काही वर्षं शिकवलंही. लग्न नागेंद्रशी झालं. तो उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर. दोघं बेळगावातच, अनगोळात भाड्यानं राहायची. थोरला स्वरूप पहिलीला गेला आणि त्याला एक विचित्र दुखणं जडलं. सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला, की पोराला उलटी व्हायची. डॉक्टरांनी पोट तपासलं, काही निघालं नाही. शेजारणी म्हणाल्या, होईल सवय. वर्ष सरत आलं तरी सवय काही झाली नाही. पोरगं दप्तर पाठीला लावून नळापाशी वाकलेलं असायचं, आणि माधवी एका हातानं त्याची पाठ चोळत दुसऱ्या हातानं व्हॅनवाल्याला थांबायची खूण करायची.

मग टाळेबंदी आली. शाळा बंद, फाउंड्री बंद. टेम्पोत सामान घालून सगळी गावी आली, सासरे मारुतीराव आणि सासू मनुबाईंकडं. आरोही तेव्हा बोट धरून चालणारी, आणि धाकटा पोटात. स्वरूपला रिकामा ठेवायचा नाही म्हणून माधवी सकाळी सोप्यात चटई टाकून त्याला घेऊन बसायला लागली. पावसाळा सरता सरता पोरगं मराठी वाचायला लागलं, दिवाळीपर्यंत इंग्रजी. उलट्या कधी थांबल्या ते तिच्या ध्यानातही आलं नाही. एक दिवस भांडी घासताना एकदम आठवलं, तेव्हा राख लागलेला हात तसाच हवेत राहिला.

शाळा उघडल्या, फाउंड्री सुरू झाली. नागेंद्र बेळगावात खोली घेऊन राहायला लागला, शनिवारी सांजच्याला यायचा, सोमवारी पहाटे जायचा. माधवी मात्र परत गेली नाही, नोकरीही सोडली.

"एक वर्ष घरी शिकवते," ती नवऱ्याला म्हणाली. "पुढचं पुढं."

मारुतीराव रेल्वेत गँगमन होते. लोंढ्याच्या लाइनीवर उभा जन्म घालवून आता शेती बघत होते. ते एवढंच म्हणाले, "पोरगं बरं हाय न्हवं? मग झालं." मनुबाईंना तेवढ्यावर समाधान नव्हतं. विहिरीवर चार बायकांत त्या म्हणायच्या, "शिकलेली सून आणली, तर ती पोरं घरात घिऊन बसली." पण घरी आल्या, की सोप्यातली चटई त्याच झाडून ठेवायच्या.

पहिल्या वर्षी माधवीनं घरात शाळा म्हणजे अगदी शाळाच उभी केली. भिंतीला वेळापत्रक, तास बदलला की देवघरातली घंटा. बेंगळूरहून इंग्रजी पुस्तकांचं मोठं खोकं मागवलं. त्यात रंगवायची पानं, चिकटवायची चित्रं, रोजच्या रोज काय करून घ्यायचं त्याची आईसाठी वेगळी सूचना. स्वरूपनं वर्षाची पुस्तकं महिन्यात संपवली. आरोहीनं चिकटवायची चित्रं सगळी काढून भाताच्या कणगीला लावली. पाणी भरायची वेळ आली की तास अर्ध्यावर मोडायचा. शेणी थापत बसलेल्या आज्जीला पोरं वेळापत्रक बघून सांगायची, "आज्जी, आता आमचा खेळायचा तास." मनुबाई म्हणायच्या, "मग खेळा की. घंटा कशाला?"

हळूहळू घंटा देवघरात परत गेली. सकाळची कामं उरकली, की माधवी पोरांना घेऊन बसायची आणि आधी मोठ्यानं वाचायची. एक गोष्ट मराठी, एक इंग्रजी. मग गणित. त्याला चिंचोके होते, काजूच्या बिया होत्या, आणि मारुतीरावांचा जुना तराजू. कानडी तिनं सासऱ्यांकडं सोपवलं. मारुतीराव पेन्शनीला लोंढ्याला गेले की कानडी पेपर आणायचे. दुपारी खाटेवर बसून पोरांना सांगायचे, "यातला 'ल' हुडका बघू." पोरं पेन्सिलीनं गोल काढत पानभर हिंडायची. शहापूरहून तिचा भाऊ रद्दीतली पुस्तकं पाठवायचा, आणि त्यांच्याबरोबर साडीच्या काठाच्या नक्षीचे आलेखाचे कागद. एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा. मोर कसा चौकोनाचौकोनांनी उभा राहतो ते बघत स्वरूप तासन्तास बसायचा. गुणाकार त्याला त्या कागदांवरच समजला.

धाकट्याचं कागदावरचं नाव अद्वैत, पण आजोबा त्याला रवळू म्हणायचे आणि तेच नाव चालायचं. तो चटईच्या कडेला बसून चिंचोके तोंडात घालायचा आणि धपाटा खायचा.

तिघांत आरोहीची तऱ्हाच निराळी. स्वरूपला पुस्तक दिलं की तो त्यात बुडायचा, कुणी नसलं तरी त्याचं चालायचं. आरोहीला कुणीतरी लागायचं. एक ओळ लिहिली की वर बघायची. "बरोबर हाय?" दुसरी ओळ लिहिली की परत. उत्तर बरोबर आलं की ते घरभर सांगून यायची, गोठ्यात म्हशीलासुद्धा. भावाशी वाद घालायची. सूर्य मोठा की पृथ्वी हे त्यानं पुस्तकातून दाखवलं तरी म्हणायची, "मी बघितल्याबगैर कसं मानू?" माधवीला हसू यायचं, कौतुकही वाटायचं. वर्षामागून वर्षं जात राहिली. "एक वर्ष" म्हणालेलं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

गावच्या शाळेत त्रिशला टीचर होत्या. निपाणीकडच्या, जैन शेतकरी घरच्या, खानापुरात खोली करून राहायच्या आणि रोज सकाळी बसनं यायच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, दोन्ही सारख्याच सफाईनं बोलायच्या. शाळेचा पट दरवर्षी उतरत होता. शिकलेली माणसं पोरं घेऊन बेळगावला जात होती, उरलेली व्हॅनमध्ये बसवून खानापूरला धाडत होती. शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या पाहणीसाठी टीचर एकदा घरी आल्या होत्या. माधवीनं त्यांच्यापुढं सगळी पुस्तकं, वह्या, कागद मांडून ठेवले, जणू कोर्टात उभी आहे. टीचर सगळं बघून म्हणाल्या, "छान करताय, आक्का," आणि चहा पिऊन गेल्या. तरीही नंतर कितीतरी दिवस माधवीला वाटत राहिलं, की त्या 'छान'च्या मागं आणखी काहीतरी होतं. गावात कुजबूज होतीच. मारुतीरावांची तीन नातवंडं शाळेत आली असती तर पट तेवढा वाढला असता, असं देवळाच्या कट्ट्यावर कुणीतरी बोललेलं तिच्या कानावर आलं होतं.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. काजूला मोहर आला होता आणि सकाळी अंगणात धुकं उतरायचं. शाळेत मुलांचं गरम जेवण करणारी जयाबाई मारुतीरावांकडून दूध घ्यायची. ते पोचवायला आधी मनुबाई जायच्या. एकाएकी आरोहीनं ते काम मागून घेतलं.

"आज्जीचं गुडघं दुखतंय. मी जातो की."

इकडच्या पोरींसारखी तीही 'जातो', 'येतो' म्हणायची. माधवीनं पूर्वी एकदोनदा सुधारलं, मग सोडून दिलं. पोरगी आपण होऊन काम करते आहे म्हटल्यावर तिला बरंच वाटलं.

पण यायला उशीर व्हायला लागला. जयाबाईचं घर हाकेच्या अंतरावर. दूध ओतून यायला एवढा वेळ कशाला? विचारलं की आरोही म्हणायची, "वाटेत कुत्रं होतं." किंवा, "जयाकाकूनं थांब म्हटलं." त्या दिवशी रवळू गोष्टीसाठी हटून बसला. आरूशिवाय सुरू करायचं नाही असा त्याचा हट्ट. शेवटी माधवीच चपला घालून बघायला निघाली.

जयाबाईच्या दाराला कडी. दुधाचा तांब्या पालथा घालून उंबऱ्यावर ठेवलेला. माधवी क्षणभर तिथंच थांबली, तेवढ्यात देवळामागून प्रार्थनेचा आवाज आला. पंधरावीस पोरांचा, थोडा बेसूर. तिचे पाय आपोआप तिकडं वळले.

मैदानात दोन रांगा होत्या, एक मुलांची, एक मुलींची. मुलींच्या रांगेत सगळ्यांत शेवटी, गणवेशाच्या निळ्या रंगामागं, एक पिवळा फ्रॉक होता. आरोही. हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले. प्रार्थना संपली, टीचरनी काहीतरी सांगितलं, तशी साऱ्या मुलींनी हात पुढं करून अंतर घेतलं. आरोहीनंही घेतलं. तिच्या बोटांची टोकं पुढच्या मुलीच्या खांद्याला लागली, आणि तिनं अर्धं पाऊल मागं सरकून ती नीट केली.

माधवीनं हाक मारली नाही. देवळाच्या भिंतीआड उभी राहून तिनं राष्ट्रगीत होईतो बघितलं आणि पोरं वर्गात शिरायच्या आत घरी परतली.

मनुबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. सुनेचा चेहरा बघून त्यांनी थापणं थांबवलं नाही.

"आत्या," तिनं सासूला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"जयाबाईनं सांगितलं. म्हटलं, चार दिस हुबी ऱ्हाईल, कटाळंल."

"मग मला का सांगितलं नाही?"

मनुबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "तुला वाईट वाटलं असतं," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं आरोही आली, पाय धुऊन चटईवर आपल्या जागी बसली. माधवीनं गोष्ट वाचली. कोणती वाचली ते तिला नंतर सांगताही आलं नसतं.

दुपारी स्वरूप आजोबांबरोबर शेतावर गेला, रवळू झोपला. माधवी सोप्यात तांदूळ निवडायला बसली आणि आरोहीला जवळ बोलावलं. दोघी एका सुपावर वाकल्या.

"आरू, तू शाळेत उभी राहतेस होय, प्रार्थनेला?"

पोरीची बोटं थांबली. "टीचर काय बोलल्या न्हाईत."

"मी रागावले नाही. का जातेस ते सांग."

"उभं ऱ्हायला."

"तिथं मैत्रिणी आहेत म्हणून?"

"त्या सांजच्याला भेटतात की."

"इथलं आवडत नाही तुला? गोष्टी, गणितं?"

"आवडतंय," आरोही म्हणाली. तिनं एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग दुसरा. माधवी थांबून राहिली. शाळेत शिकवताना एक गोष्ट ती शिकली होती, की काही मुलांना विचारून झाल्यावर नुसतं थांबावं लागतं.

"जयाकाकूच्या सोनीला टीचर रागावल्या," आरोही बोलायला लागली. "पाढा चुकला म्हणून. मग सोनी घरला गेली आणि आईला सांगितलं. काकूनं तिला मांडीवर घेतलं. म्हणाली, बघते तुझ्या टीचरला उद्या. आणि गूळ-शेंगा दिल्या."

"बरं."

"तू मला सातच्या पाढ्याला रागावलीस." ती अजून सुपाकडंच बघत होती. "मग मी कुणाला सांगू?"

"आज्जीला सांगायचं," माधवी म्हणाली.

"आज्जी तुलाच सांगतीया."

सातच्या पाढ्याची ती सकाळ माधवीला आठवली. पाहुणे यायचे होते, गॅस संपला होता, आणि पोरगी सात सक्कं बेचाळीसवर सारखी अडखळत होती. तिनं पाटी ओढून घेतली होती, बोलली होती बरंच. आरोही गोठ्यात जाऊन बसली. आणि तासाभरानं जेवायला बोलवायला गेलं कोण, तर माधवीच. पोरगी तेव्हा आईकडं तशी का बघत राहिली होती, याचा अर्थ आज लागला.

ती स्वतः शहापुरात शाळेतून घरी यायची तेव्हा तिची आई रहाटावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली असायची. बाईंनी काय केलं, कोण किती वाईट, हे सगळं माधवी तिच्या पाठीला टेकून सांगायची. आई मान वर करत नसे, रहाट थांबवत नसे. 'हं', 'मग', 'असू दे' एवढंच. पण सांगून झालं की मन हलकं व्हायचं. तिला एक आई होती आणि एक बाई होत्या. आपल्या पोरीला दोन्ही मिळून एकच बाईमाणूस, हे इतक्या वर्षांत तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

तरी कळणं वेगळं आणि पचणं वेगळं. पुढचे दोनतीन दिवस ती घुम्यासारखी वावरली. एवढी पुस्तकं जमवली, रात्र रात्र बसून उद्याचं ठरवलं, नोकरी सोडली, आणि पोरगी दूध घालायचं निमित्त करून दुसऱ्याच्या रांगेत शेवटी उभी राहते. कुणी बोललं असतं तर भांडून तरी मोकळी झाली असती.

शनिवारी नागेंद्र आला. जेवणं झाल्यावर दोघं अंगणात बाजेवर बसली. तिनं सगळं सांगितलं.

"जायचंय तर जाऊ दे की," तो म्हणाला. "उलटी झाली तर परत आणू."

तिला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. "मला हरल्यासारखं वाटतंय हो."

नागेंद्र फार बोलणारा माणूस नव्हता. "एक सांगू? स्वरूपला घरी ठेवलंस ते त्याच्याकडं बघून. बरोबरच केलंस. आरूला घरी ठेवलंस तेबी स्वरूपकडंच बघून. तिच्याकडं आपण बघितलंच न्हाई. मीबी न्हाई."

ती उठून आत गेली, पण त्या रात्री तिला झोप चांगली लागली.

सोमवारी ती शाळेत गेली. टीचर वर्गाच्या पायरीवर वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी बाजूला सरकून तिला जागा दिली.

"दोन आठवडे बघतेय मी तिला," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी विचारलं, आईला सांगून आलीस? म्हणाली, दूध घालून आलो. मी म्हटलं, बरं."

"पटावर नसलेलं पोर रांगेत कसं चाललं तुम्हाला?"

"रांगेला कुठं पट असतोय, आक्का?"

माधवीनं नाव घालायचं विचारलं. वयाप्रमाणं दुसरीत घेता येईल, वर्ष अर्ध्याहून अधिक सरलं असलं तरी अडचण नाही, असं टीचरनी सांगितलं. मग माधवीनंच विषय काढला, "थोरल्याचं तुम्ही विचारलं नाही."

"त्याला यायचंय?"

"नाही म्हणेल बहुतेक."

"मग राहू दे. मी विचारलं तर गाव म्हणेल, पटासाठी पोरं गोळा करत हिंडते." आणि हातातली वही मिटून, "पट मला पाहिजेच आहे. नाही कशाला म्हणू? पण असा नको."

माधवीला ती बाई त्या दिवशी पहिल्यांदा आवडली.

स्वरूपला विचारलं तेव्हा त्यानं उत्तर द्यायला एक रात्र घेतली. सकाळी म्हणाला, "मी घरीच शिकतो." आणि मग जरा काळजीनं, "पण ती गेल्यावर माझ्याशी भांडणार कोण?"

सोनीच्या थोरल्या बहिणीचा जुना गणवेश मनुबाईंनी बेतून आरोहीच्या अंगाचा केला. पहिल्या दिवशी माधवीनं तिच्या दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधल्या. दारापर्यंत पोचवायला सगळं घर आलं. आरोही देवळाच्या वळणापर्यंत गेली आणि वळली. मागं काही तिनं बघितलं नाही. "सासरला जातानाबी अशीच जाईल बघ," मनुबाई म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसत आत गेल्या.

सोप्यात त्या दिवशी फार शांत वाटलं. रवळू बहिणीच्या चटईवर जाऊन बसला. माधवीनं वाचलं, स्वरूपनं ऐकलं, गणितं पटापट झाली, कुणी "मी बघितल्याबगैर कसं मानू" म्हटलं नाही. अकराच्या आत सगळं उरकलं. तेव्हा तिला कळलं, की इतकी वर्षं तिची शाळा चालवत होती ती आरोही. प्रश्न तिचे, वाद तिचे. स्वरूप त्यावर पुस्तक उघडायचा आणि आपण त्या दोघांच्या मधे बसून स्वतःला शिक्षिका समजत होतो. पुढचे काही आठवडे तिनं चाचपडत काढले. मग स्वरूपशी वाद घालायचं काम ती स्वतःच करायला लागली. तो सांगेल त्याच्या उलट बोलायचं. त्याला आधी चमत्कारिक वाटलं, मग चेव चढायला लागला. लाजराबुजरा पोरगा एक दिवस आजोबांना म्हणाला, "आज्जा, आईला कायच पटत नाही."

आरोहीचा पहिला आठवडा हवेत गेला. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस ती आली ती दप्तर आपटतच. तोंड लाल. माधवी शेंगा सोलत होती.

"मी परत जाणार न्हाय."

"काय झालं?"

सगळं बाहेर पडायला वेळ लागला. टीचरनी प्रश्न विचारला की आरोही हात वर न करताच उत्तर द्यायची, अगदी दुसऱ्याला विचारलेलंसुद्धा. आज टीचर रागावल्या. म्हणाल्या, तुझ्या एकटीची शाळा नाही ही, खाली बस. आणि घाबरून आरोही म्हणाली, "बरं, आई." साऱ्या वर्गानं हसून वर्ग डोक्यावर घेतला. मधल्या सुट्टीत पोरं तिच्या मागं 'आई, आई' करत हिंडली. सोनीसुद्धा हसली.

माधवी ताडकन उठली. इतकी वर्षं आपण या पोरीचं बोलणं कधी तोडलं नाही, आणि तिला खाली बस? उद्या सकाळीच टीचरना गाठायचं, उत्तर देणाऱ्या मुलाला कसं वागवावं ते—

"बस खाली," मनुबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "तिनं सांगितलं, तू ऐकलंस. झालं की."

माधवी उभीच राहिली थोडा वेळ. मग बसली. आरोही तिच्या मांडीवर डोकं टाकून आडवी झाली आणि टीचर किती दुष्ट, सोनी किती दुष्ट, सारी शाळा किती दुष्ट, हे तिनं पहिल्यापासून परत सांगितलं. माधवी शेंगा सोलत राहिली. मधे मधे एखादा दाणा पोरीच्या तोंडात घालत राहिली. सांगून झालं तशी आरोही उठली, वाटीभर पोहे खाल्ले आणि सोनीला हाक मारत बाहेर पळाली.

सगळंच गोड झालं असं नाही. आरोहीच्या वहीत फळ्यावरून उतरवलेली उत्तरं दिसायला लागली, सगळ्यांची एकसारखी. पूर्वी ती "का?" म्हणायची तिथं आता "टीचरनी सांगितलंय" म्हणायला लागली. माधवीचा जीव तुटायचा. पण रात्री जेवणानंतर मोठ्यानं वाचायचा नेम तिनं सोडला नाही. त्यात आता आरोहीला काही करून दाखवायचं नसायचं. ती नुसती ऐकायची, रवळूच्या पोटावर पाय टाकून, आणि कधी अर्ध्यात झोपून जायची.

फेब्रुवारीत टीचरनी विचारलं, शनिवारी अर्धा दिवस शाळा असते, माधवी येऊन मुलांना नक्षीच्या कागदांवर गणित शिकवेल का? माधवी खूश झाली. घरी येऊन तिनं सांगितलं, तशी आरोहीचा चेहरा पडला.

"तू नको येऊस."

"का गं?"

"तिथं तू नकोस," आरोही म्हणाली. रागानं नाही, अगदी समजावल्यासारखं. "तिथं टीचर हाईत."

माधवीला ते लागलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच लागलं. पण तिनं टीचरना नाही म्हणून सांगितलं आणि कागदांचा गठ्ठा त्यांच्याकडं धाडून दिला. टीचरनी तो आपल्या पद्धतीनं वापरला. काठाच्या नक्षीऐवजी त्यांनी मुलांकडून चौकोनांत कानडी अक्षरं भरून घेतली. माधवीला हे कधी सुचलं नसतं. तिनं घरी स्वरूपला तसंच करायला बसवलं.

उन्हाळ्यात स्वरूप बेळगावला मुक्त शाळेच्या परीक्षेला बसला. आदल्या दिवशी शहापुरात मामाकडं उतरला तेव्हा माधवीला धास्ती वाटत होती, न जाणो, पुन्हा नळापाशी वाकला तर. सकाळी तो पोटभर उप्पीट खाऊन, मामाच्या गाडीवर बसून गेला. निकाल आला तो मध्यम. गणितात उत्तम, कानडीत काठावर. मारुतीरावांनी तो मनाला लावून घेतला आणि दुपारच्या झोपेचा वेळ कानडीसाठी वाढवला.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या रविवारी नागेंद्र आणि माधवी आरोहीच्या तिसरीच्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालत बसली होती. स्वरूप शेजारी बसून कानडी पुस्तकाचं नाव कव्हरावर काढत होता, जीभ दातांत धरून. आरोही त्याच्या खांद्यावरून बघत होती आणि ते अक्षर असं नसतंय म्हणून वाद घालत होती. रवळू डिंकाच्या बाटलीत बोटं बुडवून एकमेकांना चिकटवत होता.

"याचं काय ठरलं?" नागेंद्रनं रवळूकडं मान करून विचारलं.

"विचारलं मी त्याला. म्हणतो, सकाळी आरूसंगं, दुपारी दादासंगं."

"मग?"

माधवीनं कव्हराची कड नखानं दाबून बसवली. "त्याच्याकडं बघायला अजून वेळ आहे आपल्याला," ती म्हणाली. "आधी त्याची बोटं सोडवा."